काचबिंदूची स्लाइड

ज्या दुपारी उत्तराला शाल आणि नारळ मिळाला, त्याच दुपारी तिच्या आईचा उजवा डोळा गेला. या दोन गोष्टींच्या मध्ये काय घडलं ते एकट्या उत्तराला ठाऊक होतं, आणि तिला ते कुणालाच सांगायचं नव्हतं. आईला तर नाहीच नाही.

उत्तरा डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण ती स्वतः ते फार हळू आवाजात सांगायची. अमेरिकेत, सनीव्हेलमधल्या एका छोट्या कंपनीत ती इंजिनियर. मधुमेहानं डोळ्याचा पडदा खराब होतोय का, हे फोटोवरून ओळखणारं सॉफ्टवेअर तिची टीम बनवते. काम चांगलं, अवघडही. पण तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना एवढ्या बारकाव्याशी काय करायचंय? त्यांनी तिला ‘डोळ्यांची उत्तरा’ करून टाकलं. पॉटलक, म्हणजे ज्यानं-त्यानं घरून पदार्थ आणायचं जेवण, असलं की एका हातात पावभाजीची प्लेट आणि दुसऱ्या हातानं पापणी वर ओढलेली, अशी माणसं तिच्यापुढे येऊन उभी राहायची. इथं डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळायला महिना लागतो आणि उत्तरा काय, दर कार्यक्रमाला भेटते. कुणाच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगायचे, कुणाच्या डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. ‘मी डॉक्टर नाही हं,’ असं ती म्हणायची, पण अशा सुरात, की ऐकणाऱ्याला ती डॉक्टरच्याही वरची वाटावी. मग मान तिरपी करून बघायची आणि निदान सांगून मोकळी व्हायची. ते बहुतेक वेळा बरोबरही निघायचं, कारण दिवसभर स्क्रीनकडे टक लावून बसणाऱ्याचे डोळे कोरडे पडलेत हे सांगायला फारशी विद्या लागत नाही.

तिची आई, रेखाबाई, ऑक्टोबरात नागपूरहून आल्या. धरमपेठेतल्या शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या, तरुणपणापासून प्लस नंबरचा जाड चष्मा, आणि कुठल्याही दुखण्याला एकच नाव: पित्त. उत्तराच्या माहेरी पित्त हा आजार नव्हताच, घरातलं एक माणूस होतं. डोकं दुखलं, पित्त. मळमळलं, पित्त. वडील एखाद्या दिवशी जास्त चिडले तरी ‘पित्त वाढलंय त्यांचं’ म्हणून आई सोडून द्यायची. त्यावर आमसुलाचं पाणी, सुंठ-साखर, कपाळाला घट्ट रुमाल आणि अंधारी खोली. त्यानं बरं वाटायचंही, म्हणून कधी कुणी शंका घेतली नाही.

इथं आल्यावर रेखाबाईंचं डोकं संध्याकाळी दुखायला लागलं. रोज नव्हे, अधूनमधून. डिसेंबरात आसपासच्या घरांवर दिव्यांच्या माळा लागल्या. एकदा फिरून परतताना त्या म्हणाल्या, की प्रत्येक दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं गोल दिसून राहिलंय, किती हौसेनं लावतात हे लोक. उत्तरा हसली आणि चष्मा पूस म्हणाली. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, शैलेंद्रला, ते गंमत म्हणून सांगितलं. नऊ वर्षांची लेक स्वानंदी तर ‘आजी सीज रेनबोज’ म्हणत घरभर नाचली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. एकदा आईचे डोळे तपासून घेऊ, असं उत्तरा दर आठवड्याला म्हणायची. मंडळातल्या साऱ्या डोळ्यांत डोकावून झालं, आईचा नंबर काही लागला नाही.

जानेवारीत मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, क्युपर्टिनोच्या हॉलमध्ये. मंडळाचे अध्यक्ष विनयकाका, चिपच्या कंपनीतून रिटायर झालेले आणि कार्यक्रमात काहीतरी ‘उपयुक्त’ असलंच पाहिजे असा हट्ट धरणारे. यंदा त्यांनी उत्तराला डोळ्यांच्या आजारांवर बोलायला सांगितलं. शेवटी सत्कार करू, म्हणाले. उत्तरानं वरवर आढेवेढे घेतले आणि त्याच रात्रीपासून स्लाइड करायला बसली.

त्या आठवड्यात रेखाबाईंना सर्दी झाली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी उत्तरानं त्यांना दुकानातली साधी सर्दीची गोळी दिली. काचबिंदू असल्यास आधी डॉक्टरांना विचारा, असं तिच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते कोण वाचतं, आणि आईला तसं काही असेल हे कुणाच्या ध्यानीमनी होतं?

सकाळी रेखाबाईंना दोनदा उलटी झाली. कपाळाची उजवी बाजू ठणकत होती. उत्तरा काळ्या साडीच्या निऱ्यांना पिन लावत त्यांच्या खोलीत डोकावली. पडदे ओढलेले, कपाळाला रुमाल बांधलेला, आणि दारातून आलेल्या उजेडात उजवा डोळा लाल दिसला. डोळ्यावर उलटीचा जोर पडलाय, असं ती म्हणाली. रेखाबाई म्हणाल्या, ‘पित्त खवळून राहिलं, दुसरं काही नाही. तू जा. सावकाश बोलजो, घाई करू नको.’ शैलेंद्र घरी थांबला. त्यानं दोनदा विचारलं काही हवंय का म्हणून. जावयापुढे कण्हायचंसुद्धा कसं, या संकोचात रेखाबाईंनी काही नको, पडू द्या, एवढंच सांगितलं.

हॉल भरलेला होता. घरून बघणाऱ्यांसाठी विनयकाकांनी झूमही लावला होता. उत्तरा छान बोलते, हे तिच्या शत्रूनंही मान्य करावं. मोतीबिंदूत भिंग कसं गढूळ होत जातं, आंघोळीनंतर आरशावर वाफ धरते तसं जग कसं दिसायला लागतं, हे तिनं सांगितलं. मधुमेहात पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या गळायला लागतात आणि तोवर माणसाला पत्ताही नसतो, हे सांगितलं. वयानुसार पडद्याचा मधला भाग झिजला की दाराची सरळ चौकट वाकडी दिसते, हे सांगितल्यावर पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी लगेच दाराकडे बघून खात्री करून घेतली. मग आली काचबिंदूची स्लाइड.

काचबिंदू दोन तऱ्हेनं येतो, ती म्हणाली. एक चोरपावलांनी. डोळ्यातला दाब वाढत राहतो, कडेकडेची नजर कमी होत जाते, दुखत-खुपत काही नाही. आणि दुसरा अचानक. डोळ्यात पाणी सतत तयार होतं आणि कोपऱ्यातल्या वाटेनं निघून जातं. प्लस नंबरवाल्यांचा डोळा लहान, त्यांची ही वाट मुळातच अरुंद. वय वाढलं की भिंग जाड होतं, वाट आणखी चेपते, आणि एखाद्या दिवशी बंदच होते. डोळा लाल होतो. त्या बाजूचं डोकं ठणकतं. मळमळ, उलट्या. त्याआधी कित्येक दिवस दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसत असतात. स्लाइडवर इंग्रजीत पुढची ओळ होती, की रुग्णाला बऱ्याचदा हे मायग्रेन वाटतं. उत्तरा बोलण्याच्या ओघात होती, हॉल तिच्या मुठीत होता. तिनं ती ओळ आपल्या माणसांसाठी फिरवून सांगितली.

‘आणि आपल्याकडे काय म्हणतात? पित्त झालंय.’

सगळा हॉल हसला. ज्याच्या घरात पित्त नाही असा मराठी माणूस कुठला? ते हसू ओसरत असतानाच उत्तराला सकाळची ती अंधारी खोली आठवली.

इथं आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही. तिला शंका आली असं नव्हे. तिला कळलं. चष्म्याचा नंबर, इंद्रधनुष्यं, सर्दीची गोळी, लाल डोळा, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. तिनं पाण्याची बाटली उचलली आणि दोन घोट घेतले. फोन तिथंच, लॅपटॉपशेजारी पालथा पडला होता. ‘दोन मिनिटं हं’ म्हणून बाजूला जाऊन शैलेंद्रला सांगायचं, आईला आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत ने. एवढंच करायचं होतं.

पण पुढची स्लाइड तिच्या स्वतःच्या कामाची होती.

माणसाचं मन अशा वेळी काय काय पुरवतं. कदाचित खरंच पित्त असेल. आईला लहानपणापासून आहे. शैलेंद्र घरात आहे, जास्त झालं असतं तर त्यानं फोन केला असता. आत्ता थांबले तर लोक म्हणतील, इतकी डोळ्यांची जाणकार आणि घरातलंच दिसलं नाही. हे शेवटचं कारण तिनं स्वतःशीसुद्धा नीट उच्चारलं नाही, आणि खरं कारण तेवढंच होतं. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि स्लाइड पुढे ढकलली.

त्यानंतर ती आधीपेक्षा चांगली बोलली. टाळ्या झाल्या. प्रश्न झाले, आणि प्रश्न विचारणाऱ्यांना स्वतःच्या आजारापासून चुलतसासूच्या आजारापर्यंत सगळंच विचारायचं होतं. विनयकाकांनी शाल पांघरली, नारळ दिला, फोटो निघाले, एक नीट आला नाही म्हणून परत निघाले. तिळगूळ झाला, चहा झाला. निघताना एका ओळखीच्या बाईंनी वाटेत गाठून पापणी उलटून दाखवली. साधी रांजणवाडी होती. उत्तरानं मान तिरपी केली, शांतपणे बघितली आणि गरम पाण्याचा शेक सांगितला. पुढे तिला सगळ्यांत जास्त जाळत राहिली ती ही रांजणवाडी.

गाडीत बसल्यावर तिनं फोन केला. आई शांत झोपल्यात, उलटीही थांबलीये, असं शैलेंद्र म्हणाला. तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचीही नंतर लाज वाटली. घरी येऊन तिनं पडदा सरकवला. रेखाबाई झोपल्या नव्हत्या, नुसत्या पडून होत्या. उजव्या डोळ्याचं बुबुळ धुरकट झालं होतं आणि मधली बाहुली मोठी होऊन तशीच थिजली होती. उत्तरानं त्यांचा डावा डोळा हातानं झाकला, समोर बोटं धरली आणि किती ते विचारलं. रेखाबाई म्हणाल्या, ‘कुठे धरलीस?’

हॉस्पिटलात डोळ्यांची जी तरुण डॉक्टर आली तिनं दाब मोजला आणि एक शब्द न बोलता पुन्हा मोजला. मग थेंब, सलाइनमधून औषध, आणि दाब थोडा उतरल्यावर लेझर. बुबुळाला सुईच्या टोकाएवढं भोक पाडून पाण्याला नवी वाट करून दिली. डाव्या डोळ्याचीही वाट अरुंदच होती, त्यालाही दुसऱ्या दिवशी तसंच भोक पाडलं. तो वाचला. उजव्या डोळ्याला समोर हललेला हात कळतो, उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे फार आशा धरू नका, असं डॉक्टरनं सांगितलं. काचबिंदू आहे असं तुमच्या कधी लक्षात आलं, तिनं विचारलं. संध्याकाळी, घरी आल्यावर, उत्तरा म्हणाली. शैलेंद्रनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टर म्हणाली, की या आजारात जेवढं लवकर याल तेवढी नजर वाचते, पण स्वतःला दोष देऊ नका, कित्येक जण दोन-दोन दिवसांनी येतात. दोष देऊ नका म्हणणाऱ्या माणसासारखा शिक्षक नाही. आपण काय केलंय ते उत्तराला त्या क्षणी पुरतं समजलं.

मंडळात मात्र गोष्ट वेगळीच पसरली. भाषण करून घरी गेली, आईचा डोळा बघताक्षणी ओळखलं, तशीच उचलून हॉस्पिटलात नेली, नाहीतर दोन्ही डोळे गेले असते. विनयकाकांनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. त्याखाली हात जोडलेले आणि टाळ्या वाजवणारे लोक मोजायचे म्हटले असते तरी संपले नसते. माणसं डबे घेऊन यायला लागली. रेखाबाई पांढरी पट्टी सावरत प्रत्येकाला सांगायच्या, मी आपली पित्त पित्त करत बसले होते, हिनं ओळखलं. लेक असावी तर अशी, असं येणारा म्हणायचा आणि उत्तरा चहा करायला आत जायची. ओट्यापाशी तिचा चेहरा तापायचा, कान तापायचे, आणि दुधाकडे बघत असताना दूध उतू जायचं. शैलेंद्रला वाटायचं बायको थकली आहे. तो म्हणायचा, ‘तू जे केलंस ना, ते मला जमलं नसतं यार. मी घरात असून मला कळलं नाही.’ तो बिचारा स्वतःलाच दोष देत होता, आणि ती त्याला देऊ देत होती.

मग एके दिवशी विनयकाकांचा फोन आला. दुसऱ्या राज्यातल्या, बॉथेलच्या मंडळाला उत्तराचं भाषण हवं होतं. काकांनी आग्रहानं सांगितलं, की नुसत्या स्लाइड नकोत, आईची गोष्ट सांग, लोकांच्या काळजाला भिडेल. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बघते काका, असं उत्तर निघालं. फोन ठेवल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. आजचं ‘बघते’ म्हणजे उद्याचं ‘हो’, हे ती ओळखून होती. आईचा डोळा ती त्या स्टेजवर एकदा गमावून आली होती, आता दुसऱ्या स्टेजवर तोच टाळ्यांना विकणार होती. आईला सांगायचं, आजच सांगायचं, मग ती काय म्हणायचं ते म्हणो, असं तिनं ठरवलं.

दुपारी शैलेंद्र ऑफिसात, स्वानंदी शाळेत. थेंब घालायची वेळ झाली होती. बाल्कनीतल्या उन्हात रेखाबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या. उत्तरानं पट्टी सोडवली, खालची पापणी ओढली, एक थेंब सोडला. थेंब मुरेपर्यंत डोळे मिटून बसायचं असतं. आई बघत नाहीये तोवरच बोलून टाकावं, म्हणून तिनं सुरुवात केली.

‘आई, त्या दिवशीच्या भाषणाचं तुला काही सांगायचंय.’

‘ऐकलं ना मी,’ रेखाबाई म्हणाल्या. ‘छान बोललीस.’

उत्तराला वाटलं ग्रुपवरचं रेकॉर्डिंग कुणीतरी ऐकवलं असेल. रेखाबाई डोळे मिटूनच सांगत होत्या. शैलेंद्ररावांनी त्या दुपारी उशाशी फोनवर लावून दिलं होतं. स्क्रीनकडे बघवत नव्हतं, पण आवाज स्वच्छ येत होता. मोतीबिंदूचं ऐकलं, मधुमेहाचं ऐकलं. मग ते पित्ताचं आलं आणि सगळे हसले.

‘तेव्हाच मला कळलं. म्हटलं, हे तर माझंच सांगून राहिली.’

उत्तराच्या हातातली बाटली तशीच राहिली. मग शैलेंद्रला हाक का नाही मारलीस, तिनं विचारलं.

‘त्यांनी तुला फोन लावला असता. आणि तुला नुसतं कळलं असतं ना, तर तू सगळं टाकून धावत आली असतीस. मला काय माहीत नाही तू? इतके दिवस जागून केलेलं. म्हटलं, होऊ दे तिचं पुरं, तेवढ्यानं काय होतंय.’ त्या जराशा हसल्या. ‘डोळ्याचं एवढं घाईचं असतं, ते तू पुढे सांगितलंही असशील. मला उलटी आली, तेवढं राहून गेलं ऐकायचं.’

आता गप्प बसता आलं असतं. आईनं आपण होऊन सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं. मूठ झाकलेली होती आणि ती सव्वा लाखाचीच राहिली असती. पण आईचा तो चेहरा, उन्हात वर केलेला, डोळे मिटलेला, लेकीवरच्या विश्वासानं निवांत झालेला, उत्तराला सोसवेना.

‘मलाही तेव्हाच कळलं होतं, आई. लोक हसले तेव्हाच. तुझंच आहे हे कळलं, आणि मी पाणी प्यायले, आणि पुढे बोलत राहिले.’

रेखाबाईंच्या मिटलेल्या उजव्या डोळ्यातून औषधाचा थेंब ओघळून गालावर आला, तो त्यांनी पुसला नाही. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडी मागे घेत होतं. उत्तरा म्हणाली, मी सगळ्यांना सांगेन, विनयकाकांना सांगेन, बॉथेलला जाणार नाही, तू मला मार, काहीही बोल. खूप वेळानं रेखाबाईंनी डोळे उघडले, पण बघितलं समोरच्या कठड्याकडे.

‘कुणाला सांगू नको,’ त्या म्हणाल्या. ‘शैलेंद्ररावांना तर मुळीच नको. मी सांगते आहे लोकांना, तेच राहू दे.’

‘आई...’

‘पट्टी दे. मी बांधते.’

त्या शनिवारी विनयकाका आणि काकू गुळाच्या पोळ्या घेऊन आले. रेखाबाईंनी सगळी गोष्ट पुन्हा सांगितली. मी आपली पित्त पित्त करत बसले होते, हिनं ओळखलं. शब्दाला शब्द तोच, कौतुकही तसंच. शाळेत एवढी वर्षं मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेली बाई इतकं सफाईनं बोलू शकते, हे उत्तरा दारात ट्रे धरून ऐकत राहिली. बॉथेलला नाही म्हटल्याचं काकांना वाईट वाटलं होतं. आईपायी एवढी मोठी संधी सोडली हिनं, असं ते काकूंना सांगत होते, आणि तेही रेखाबाईंनी मान हलवून पुरं होऊ दिलं.

आई रागावली असं कुणाला म्हणता येणार नाही. ती उत्तराशी बोलते, पोळ्या लाटून देते, साडी चांगली दिसते म्हणते. जावयाच्या हातून पाण्याचा पेला घ्यायलाही ज्या बाईला आयुष्यभर संकोच वाटला, ती आता सकाळ-संध्याकाळ खुर्चीत मान मागे टाकून बसते आणि शैलेंद्ररावांना हाक मारते, तेवढे थेंब घालून देता का म्हणून. उत्तरा तिथंच, दोन हातांवर, उभी असते.